वाचणारे आपण बघणारे कधी झालो?

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या मोबाईलवर माणसं एकमेकांना काहीतरी लिहून पाठवायची. मराठी अक्षरं जमत नसतील तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, चुका करायची, पण लिहायची. ‘आज चतुर्दशीचा उपवास’, ‘धाकटीच्या मुलाला नोकरी लागली’, ‘पंचगंगेचं पाणी वाढलंय, जपून या’ असं ते लिहिणं. आता सकाळी कुठलाही ग्रुप उघडा, मधोमध त्रिकोण असलेले चौकोन एकाखाली एक लागलेले असतात. नातवाचं नाचणं व्हिडिओ, महाराजांचं प्रवचन व्हिडिओ, भांडण व्हिडिओ, आणि कुणी वारलं तरी फोटोंना गाणं लावून केलेला व्हिडिओच.

हा बदल एका दिवसात झाला नाही. आपल्या कोल्हापुरात तो कसा आला, त्यानं काय दिलं आणि काय नेलं, हे मांडून बघावं म्हणून हा लेख. मी कॉमर्सची, त्यामुळे जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कॅमेऱ्याचं गाव

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याला लोक ‘कॅमेरा मानस्तंभ’ म्हणतात. मानस्तंभ म्हटलं की आपल्याला बस्तीसमोरचा उंच स्तंभ आठवतो, ज्याच्यापुढे माणसाचा अहंकार गळून पडावा असं सांगितलं आहे. कॅमेऱ्याला मानस्तंभाचा मान देणारं गाव म्हणजे आपलं कोल्हापूर.

हा मान उगाच दिलेला नाही. बाबूराव पेंटर यांचा जन्म इथला, 1890 सालचा. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमा बघितल्यावर दोघांनाही वाटलं, हे आपण करायचं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी हिंमत सोडली नाही. सहकाऱ्यांना घेऊन इथल्या इथे कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्यातला कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की तो पुढे कापावा लागला. हलतं चित्र माणसाच्या काळजाला थेट भिडतं, आणि म्हणून त्याला आवर घालायचा की नाही हा प्रश्नही लगेच उभा राहतो. दोन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच दिसल्या होत्या.

मग 1929 मध्ये इथेच ‘प्रभात’ निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले, आणि भांडवलाला सीताराम कुलकर्णी. 1932 चा बोलपट ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरातच झाला. पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली, तरी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे कॅमेरा गावात राहिलाच.

पण त्या सगळ्या काळात दाखवणारे मूठभर होते आणि बघणारे आपण सगळे. तिकीट काढायचं, अंधारात बसायचं, तीन तासांनी घरी यायचं. बघण्याला वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती आणि शेवट होता.

भाड्याचा व्हीसीआर

आमच्या तरुणपणी, ऐंशीच्या दशकात, व्हीसीआर आला. गणपतीत किंवा सुट्टीत गल्लीतली मंडळी वर्गणी काढून टीव्हीसकट तो भाड्यानं आणत आणि रात्रभरात तीन सिनेमे बघून पैसे वसूल करत. 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या सोप्यात चपलांचा ढीग पडायचा. त्याच सुमारास लग्नांत व्हिडिओ शूटिंग आलं. डोळे दिपवणारा दिवा घेऊन माणूस पंगतीत शिरायचा आणि बायका घास हातात धरून थांबायच्या. सामान्य घरातली बाई पहिल्यांदा पडद्यावर आली ती अशी.

त्या कॅसेटी आम्ही पाहुणे आले की लावायचो. लावणारे, बघणारे, दिसणारे सगळे ओळखीचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका जीबीचा हिशोब

सोशल मीडिया सुरुवातीला लिहिण्याचाच होता. ऑर्कुट 2004 चं, फेसबुकही त्याच वर्षीचं. यूट्यूब 2005 मध्ये आलं, पण ते कॉम्प्युटरवर आणि थांबत थांबत चालायचं. व्हॉट्सअॅप 2009 चं. इन्स्टाग्राम 2010 मध्ये निघालं ते फोटोंसाठी. व्हिडिओची सोय त्यात 2013 मध्ये आली, तीही पंधरा सेकंदांची. लोक लिहीत होते, फोटो टाकत होते, कारण व्हिडिओ परवडत नव्हता.

परवडत नव्हता म्हणजे किती? 2016 पर्यंत एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. घरखर्चात हा आकडा लहान नव्हे. नातवाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आला तरी आधी आपण वायफाय कुठे आहे ते बघायचो.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. आधी डिसेंबरपर्यंत, मग वाढवून मार्च 2017 पर्यंत, डेटा फुकट. त्यानंतर जे पॅक आले त्यांतलं एक होतं 303 रुपयांचं: 28 दिवस, रोज एक जीबी. भागाकार करा. एका जीबीला अकरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. बाकीच्या कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. आणि हा डेटा रोजचा असल्यामुळे ‘आजचा आज संपवायचा’ अशी सवय लागली. डब्यात उरलेली भाजी वाया जाऊ नये म्हणून आपण दोन घास जास्त खातो ना, तसंच.

त्याआधी चूल फुंकून स्वयंपाक करणाऱ्या घरात एकदम गॅस आल्यावर काय होतं? चहा वाढतो. इथेही तेच झालं. सोय स्वस्त झाली आणि वापर वाढला.

ओळखीच्यांकडून अनोळखींकडे

2018 च्या सुमारास टिकटॉक घरोघर पोचलं. शेतात काम करणारी, सेंट्रिंगवर जाणारी, पत्र्याच्या घरात राहणारी पोरं-पोरी त्यात दिसू लागली. बाबूरावांना कॅमेरा बनवायला वर्षं लागली; यांच्या खिशात तो तयारच होता. 29 जून 2020 ला सरकारनं 59 चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉकही गेलं. पण जागा रिकामी राहिली नाही. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स, तीही पहिल्यांदा भारतातच. 2021 मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी स्वतःच सांगितलं की आता हे केवळ फोटो दाखवायचं अॅप राहिलेलं नाही.

खरा बदल इथे आहे. पूर्वी आपल्याला तेच दिसायचं जे आपल्या ओळखीच्यांनी टाकलेलं असे. जाऊ, नणंद, वर्गमैत्रीण. आता आपण कुणाला ओळखतो याला फारसं महत्त्व नाही. आपण कुठे थांबतो, याला आहे. एखाद्या व्हिडिओवर आपलं बोट किती सेकंद थबकलं, तो पुन्हा बघितला का, कुणाला पाठवला का, हे मशीन मोजतं आणि तशाच जातीचा पुढचा माल समोर ठेवतं. भांडण बघत थांबलात तर आणखी भांडणं. रांगोळी बघत थांबलात तर आणखी रांगोळ्या. सोशल मीडिया म्हणायचा, पण त्यातलं ‘सोशल’ मागे पडलं आणि घरोघरी वेगळा चालणारा टीव्ही उरला.

यामागे पैसा आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. यूट्यूबवर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले शंभरातले 55 रुपये बनवणाऱ्याला मिळतात, 45 कंपनीला. त्यासाठी एक वाट अशी की हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलेले हवेत. म्हणजे विकला जाणारा माल व्हिडिओ नाही. विकले जातात ते आपले तास. दुकानात आपण गिऱ्हाईक असतो, इथे आपण तराजूत आहोत.

जमेची बाजू

आता जमा लिहिते, कारण ती मोठी आहे.

ऑगस्ट 2019 चा पूर आठवा. महामार्ग बंद, शिरोळ तालुका पाण्यात, गावं तुटलेली. कुठल्या गावात पाणी किती चढलं, हे माणसांनी माडीवरून काढलेल्या व्हिडिओंतून कळत होतं. बचावाच्या बोटीतल्या एका बाईनं जवानांच्या पायाला हात लावला, तो व्हिडिओ देशभर गेला. वर्तमानपत्रात ‘पूरग्रस्तांनी कृतज्ञता व्यक्त केली’ असं छापून आलं असतं तर कितीजणांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं? मदतीचे ट्रक जे आले, त्यात या बघण्याचा वाटा होता.

2020 मध्ये राज्यातली देवळं नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत बंद होती. दशलक्षण पर्व घरात गेलं. तेव्हा अभिषेक आणि प्रवचन मोबाईलवर बघणाऱ्या किती वृद्ध श्राविका होत्या, ते आपण सगळ्यांनी आपापल्या घरी बघितलंय. गुडघे गेल्यामुळे बस्तीत जाणं सुटलेल्या बाईला त्या वर्षी प्रवचन पुन्हा मिळालं, आणि देवळं उघडल्यावरही तिचं ते चालू राहिलं.

स्वयंपाकाचंच घ्या. माझ्या सासूबाईंना लिहिता येत होतं, पण पाककृती विचारली की ‘मीठ अंदाजानं, पाणी लागेल तेवढं’ यापलीकडे त्या जात नसत. त्यांचा अंदाज त्यांच्या हातात होता, शब्दांत नव्हता. व्हिडिओत हात दिसतो. कणकेचा घट्टपणा, फोडणीचा रंग, पापडाची लाटी किती पातळ, हे वाचून कळत नाही, बघून कळतं. कांदा-लसूण आणि कंदमुळं न घालता चातुर्मासात काय करावं, हे आता परगावी गेलेल्या आपल्या सुना-लेकी बघून शिकतात. आणि ज्या बायकांना टाईप करायची भीती वाटायची, त्या कॅमेऱ्यासमोर आपल्या बोलीत, शिरोळकडच्या कानडी हेलात, बिनधास्त बोलतात. लिहिणाऱ्यांच्या जगात त्यांना जागा नव्हती. ती व्हिडिओनं दिली.

आणखी एक नोंद. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. 8 सप्टेंबरला, सल्लेखनेच्या 26 व्या दिवशी, त्यांचा शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित केला गेला. मराठीत. दहा दिवसांनी, 18 तारखेला, समाधी झाली. तो क्षीण, थांबत थांबत येणारा आवाज आज यूट्यूबवर एका स्थिर फोटोखाली ऐकायला मिळतो. हलतं काहीच नाही, आणि तरी माणूस हलत नाही. उलट 18 फेब्रुवारी 2024 ला आचार्य विद्यासागर महाराजांची डोंगरगडला समाधी झाली, तेव्हा सीमेपलीकडच्या सदलग्याच्या या सुपुत्राची अंतिम यात्रा आपण त्याच दुपारी घरात बसून बघितली. माझ्या आजीच्या पिढीला बातमी मिळायलाही वेळ लागायचा. हे पुण्य तंत्राचंच म्हणायचं.

नावेची बाजू

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या क्लिप देशभर फिरत होत्या. त्यातली एक मुळात कराचीत, पालकांनी सावध राहावं म्हणून केलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दिसते. तेवढा शेवट कुणीतरी कापला. उरली ती मोटरसायकलवरून मूल उचलून नेणारी दोन माणसं. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, अशाच अफवांच्या त्या दिवसांत, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं बंधन आणलं.

लिहिलेली अफवा आणि दाखवलेली अफवा यांत फरक आहे. लिहिलेल्यावर आपण विचारतो, ‘कुणी सांगितलं?’ बघितलेल्यावर विचारत नाही. ‘डोळ्यांनी बघितलं’ ही आपल्याकडे पुराव्याची शेवटची पायरी. ज्यांनी क्लिप बघितली त्यांना वाटलं, आपण साक्षीदार आहोत. खरं तर ते प्रेक्षक होते.

महादेवी

आता आपल्या जवळची गोष्ट. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरांत दुसरा विषय नव्हता.

नांदणीच्या जिनसेन मठाची हत्तीण महादेवी, माधुरी म्हणूनही लोक तिला हाक मारत, तीस वर्षांहून जास्त काळ मठात होती. पंचकल्याणक असो की मिरवणूक, पंचक्रोशीतल्या मुलांनी हत्ती पहिल्यांदा बघितला तो हाच. तिच्या प्रकृतीबद्दल आणि तिला ठेवण्याच्या पद्धतीबद्दल पेटा संस्थेनं तक्रार केली, उच्चाधिकार समितीनं तिला हलवण्याची शिफारस केली, आणि 16 जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ती मान्य केली. धार्मिक कामासाठी हत्ती वापरण्याच्या माणसाच्या हक्कापेक्षा हत्तीच्या चांगल्या जगण्याचा हक्क वरचा, असं न्यायालयानं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयातही मठाला दिलासा मिळाला नाही. 28 जुलैच्या रात्री तिला जामनगरच्या वनताराकडे नेलं.

त्या रात्रीचे व्हिडिओ तुम्ही बघितलेत. तिच्या डोळ्यातलं पाणी, गाडीभोवती रडणाऱ्या बायका. सकाळपर्यंत ते राज्यभर गेले. पुढच्या आठवड्यात जे झालं ते व्हिडिओशिवाय झालं नसतं. दोन लाखांहून जास्त सह्या. जिओवर बहिष्कार, गावंच्या गावं सिम पोर्ट करायला लागली, कारण वनतारा अंबानींचं. 3 ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर, पंचेचाळीस किलोमीटर, हजारो लोकांची मूक पदयात्रा. 5 ऑगस्टला मुख्यमंत्र्यांची बैठक आणि मठाबरोबर सरकारही पुनर्विचारासाठी न्यायालयात जाईल असा निर्णय. त्यानंतर लगेच, नांदणी परिसरातच हत्तींचं पुनर्वसन केंद्र उभारू, असं वनतारानं सांगितलं.

ज्या कंपनीच्या स्वस्त डेटामुळे हातोहात व्हिडिओ आला, तिच्याविरुद्धची लाट त्याच व्हिडिओनं उभी केली. हत्यार कुणाच्याच बाजूचं नसतं.

आणि दुसऱ्या बाजूचेही व्हिडिओ आले. साखळीशिवाय फिरणारी महादेवी, तिच्यावरचे उपचार, दुसऱ्या हत्तिणीशी तिची भेट. माझ्या जयसिंगपूरच्या बहिणीच्या फोनवर फक्त रडणारी महादेवी होती. पुण्यात राहणाऱ्या भाचीच्या फोनवर फक्त मोकळी फिरणारी. दोघी एकाच घराण्यातल्या, दोघी नित्य णमोकार म्हणणाऱ्या. फोनवर बोलताना दोघींचे आवाज चढले. मशीननं प्रत्येकीला ती जिथे थांबली तिथलंच पुन्हा पुन्हा दाखवलं होतं.

हत्ती आणि आंधळे ही गोष्ट आपण लहानपणी पाठशाळेत ऐकली. कुणाला पाय खांब वाटला, कुणाला कान सूप वाटलं. अनेकांत शिकवायला याहून सोपी गोष्ट नाही. इथे तर साक्षात हत्तीणच होती, आणि आंधळे नसलेले आपण, डोळे उघडे ठेवून, एकेक अवयव धरून बसलो होतो.

माझं मत विचाराल तर सांगते. मठातल्या माणसांचा जीव तिच्यावर होता, हे खरं. ते कुणाच्या व्हिडिओनं खोटं होत नाही. तिच्या पायांच्या जखमांबद्दल आणि सांध्यांच्या दुखण्याबद्दल समितीपुढे जे आलं, ते डोळ्यातल्या पाण्यानं पुसलं जात नाही. अहिंसेला मानणाऱ्या समाजानं हा दुसरा कागदही स्वतःहून वाचायला हवा होता, कारण आपल्याइतका तो वाचायचा अधिकार आणि जबाबदारी दुसऱ्या कुणाची आहे? नांदणीतच चांगलं केंद्र व्हावं, तिला जमीन, पाणी, औषध आणि सोबत मिळावी, आणि ती आपल्या माणसांजवळ असावी, यात मला दोन्ही बाजू सामावलेल्या दिसतात. पण हे वाक्य तीस सेकंदांत बसत नाही. न्यायालयाचा निकाल तर मुळीच बसत नाही. जे बसत नाही, ते फिरत नाही.

अनुमोदना

आपल्याकडे कर्म तीन वाटांनी लागतं असं सांगतात: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, करवून घेतलं, आणि केलेल्याला मान डोलावली. तिसरी वाट आपल्याला नेहमी किरकोळ वाटायची, कारण अनुमोदना मनातल्या मनात होती. आता तिला बटण आलंय. कुणाच्या कानाखाली मारल्याच्या व्हिडिओला दिलेला अंगठा ही अनुमोदना आहे. कापलेल्या शेवटाची क्लिप पुढे पाठवणं ही तर कारिताच्या दाराशी जाणारी अनुमोदना. तसंच पूरग्रस्तांचा खरा व्हिडिओ पाहून मदत पाठवली, तर त्या पुण्याचीही वाटणी आहे. तत्त्व जुनंच, जमाखर्च नवा.

म्हणून मी घरात तीन नियम ठेवलेत. आलेला व्हिडिओ कुठला आणि कधीचा, हे कळल्याशिवाय पुढे जाणार नाही. ज्या वादावर मन तापलं, त्याचा निदान एक छापील मजकूर पूर्ण वाचायचा, आणि तो शक्यतो पलीकडच्या बाजूचा. तिसरा नियम वेळेचा. सामायिक दोन घटकांचं, म्हणजे 48 मिनिटांचं. फोनच्या सेटिंगमध्ये दिवसभरात किती वेळ गेला ते दिसतं. तो आकडा 48 नं भागायचा. किती सामायिकं झाली असती ते कळतं, आणि कुणी उपदेश करायची गरज राहत नाही.

फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही. ज्या गावानं कॅमेऱ्याला मानस्तंभ म्हटलं, त्या गावच्या बाईच्या तोंडी ते शोभायचं नाही. पण आठवड्यातून एकदा तरी कुणालातरी दोन ओळी लिहा. त्रिकोण नसलेल्या. तुमच्या शब्दांत, चुका असल्या तरी चालतील.

जय जिनेंद्र.